घरात डिमेन्शिया आहे? कुठली वस्तू घ्यावी, कुठली नको: सीमाभागातल्या घरांसाठी

मोबाईलवर एकदा ‘डिमेन्शिया’ (आठवण आणि समज हळूहळू कमी होत जाण्याचा आजार) म्हणून शोधलं की दुसऱ्या दिवसापासून जाहिराती मागे लागतात. पडलं तर कळवणारं घड्याळ, बोलणारा गोळ्यांचा डबा, फिरत्या मानेचा कॅमेरा. पुण्यातला नाहीतर बेंगळुरूतला मुलगा काळजीपोटी चार वस्तू मागवतो, त्या येळ्ळूरच्या किंवा निपाणीच्या घरी येऊन पडतात आणि महिन्याभरात कपाटात जातात. वस्तू वाईट नसतात. पण ती वाजल्यावर उठणार कोण आणि रोज चार्जिंगला लावणार कोण, हे कुणी ठरवलेलंच नसतं. म्हणून खरेदी शेवटी. आधी खालची कामं.

पहिलं काम: डॉक्टर, आणि तपासणी मराठीत

“म्हातारचळ लागलंय, वय झालं की व्हायचंच” म्हणून गप्प बसू नका. ६० वर्षांवरच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा दुसरा अर्थ असा की बहुतेक म्हाताऱ्या माणसांना डिमेन्शिया नसतो. विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य किंवा चालू गोळ्यांचा परिणामही असू शकतो, आणि यातलं बरंच काही उपचारानं सुधारतं. कालपर्यंत ठीक असलेलं माणूस दोन दिवसांत एकदम बरळायला लागलं, तर लघवीचा जंतुसंसर्ग, छातीतला कफ, अंगातलं मीठ कमी होणं यांची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथं कुठलंही यंत्र उपयोगाचं नाही.

बेळगावात बिम्सचं सरकारी इस्पितळ आणि केएलई आहे, धारवाडला डिमहान्स, अवघड केस असेल तर बेंगळुरूला निम्हान्स, ही दोन्ही मन आणि मेंदूच्या आजारांची सरकारी इस्पितळं. जाल तिथं एक गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा: आईची बोलायची भाषा मराठी आहे आणि शिक्षण अमुक इयत्तेपर्यंत झालंय. स्मरणशक्तीच्या चाचणीत वार, महिना, वस्तूंची नावं, उलटी गिनती विचारतात. आयुष्यभर घरात मराठी बोललेल्या बाईला हे कन्नडमध्ये विचारलं तर ती डिमेन्शिया नसतानाही नापास होईल. बाजारापुरतं कन्नड येणं वेगळं आणि त्या भाषेत शंभरातून सात वजा करत जाणं वेगळं. मराठी येणारी नर्स किंवा डॉक्टर मागून घ्या. तसं कुणी नसेल तर तुम्ही फक्त प्रश्न मराठीत सांगा, उत्तर सुचवू नका. आपल्याला ते फार सुचवावंसं वाटतं.

दुसरं काम: आठवडाभर वही

शंभर पानी वही आणि दोरी बांधलेला पेन स्वयंपाकघरात ठेवा. काय झालं, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. “आई त्रास देते” असं नाही. “सव्वासहाला पदर खोचून दारात उभी, घरला जातो म्हणते, त्याआधी म्हशींचा आवाज आला होता” असं. आठवड्यानं वही उघडली की बहुतेक घरांत एखाद-दुसरी वेळच खरी अडचणीची निघते. कुठं दिवेलागणी, कुठं पहाटे तीनची लघवी, कुठं सून दुपारी कपडे धुवायला मागच्या दारी गेलेली असते तो अर्धा तास. त्या वेळेपुरतीच सोय बघायची. चोवीस तासांची व्यवस्था करायला गेलात तर घरातली माणसंच आधी थकतील.

विचित्र वागणं डॉक्टरांना दाखवायचं असेल तर मोबाईलवर वीस-तीस सेकंदांचं चित्रण करून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर हीच माणसं एकदम शहाण्यासारखी वागतात हे प्रत्येक सुनेला ठाऊक आहे. हे चित्रण डॉक्टरांसाठी. घरच्या ग्रुपवर टाकायचं नाही.

तिसरं: चष्मा आणि कानाचं मशीन

कान मंद असला की माणूस संभाषणातून बाहेर पडतं, भलतंच उत्तर देतं, आणि आपण म्हणतो डोकं गेलं. मोतीबिंदू असला की खुंटीवरचा शर्ट माणूस वाटतो. म्हणून महागडं घड्याळ घेण्याआधी कान, डोळे तपासून घ्या आणि कवळीही बघा. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, चष्मा, कानाचं मशीन, कवळी फुकट मिळते. वाटप शिबिरात होतं, त्यामुळे शिबिर कधी आहे याची चौकशी करत राहावी लागते. ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाईनवर विचारा, नाहीतर जिल्ह्याच्या ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याच्या कचेरीत. तिथले अर्ज कन्नडमध्ये असतात, तेव्हा लिहिता येणारा भाचा-पुतण्या बरोबर न्या.

चौथं: घर

रात्रीचा उजेड ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सोय. हालचाल झाली की आपोआप लागणारे छोटे दिवे काही शे रुपयांत मिळतात. एक खाटेजवळ, एक माजघराच्या उंबऱ्यापाशी, एक न्हाणीच्या दारात. चार्जिंगचे किंवा सेलवरचेच घ्या. पावसाळ्यात खानापूरकडं करंट गेला की कधी येईल सांगता येत नाही, आणि हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, फोन लागेपर्यंत आजोबा अंधारात उठून चालायला लागलेले असतात. दिवा गुडघ्याच्या उंचीवर लावा.

गॅसचं असं करा. स्वयंपाक संपला की रेग्युलेटर बंद, ही सवय घरातल्या सगळ्यांना. चहाची तलफ असलेली आज्जी असेल तर ठरावीक वेळानं आपोआप बंद होणारा टायमरचा व्हॉल्व बसवून घ्या. गळती ओळखणारा अलार्म लावणार असाल तर तो जमिनीपासून फूटभर उंचीवर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. छताजवळ लावलेला अलार्म वाजेपर्यंत फार उशीर होईल. गळतीची तक्रार १९०६ वर. इंडक्शन शेगडी भांडं उचललं की थांबते म्हणून सुरक्षित खरी, पण पन्नास वर्षं काडी ओढून चूल-शेगडी पेटवलेल्या बाईला तिची बटणं आता शिकवत बसू नका. आजार अगदी सुरुवातीचा असेल तरच.

पाण्यात सोडायची कॉईल घरातून काढूनच टाका. बंब असेल तर पेटवायचं काम दुसऱ्याकडं द्या. मागच्या दारी विहीर असेल तर लोखंडी जाळी आणि कुलूप, हे या यादीतलं सगळ्यात निकडीचं काम आहे आणि त्याला ना इंटरनेट लागतं ना बॅटरी. न्हाणीत धरायला दांडी, खाली न घसरणारी चटई, आतली कडी काढून टाकलेली.

दाराला चुंबकाची बेल मिळते. दार उघडलं की घरात दुसरीकडं ठेवलेला भोंगा वाजतो. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांना लावा. गावातल्या घराला मागचं दार असतं हे शहरातून वस्तू मागवणारा विसरतो. बेलचा आवाज आधी ऐकून बघा. काही इतक्या कर्कश असतात की ज्याच्यासाठी लावली तोच दचकून रडायला लागतो. आणि माणसाला आत एकटं ठेवून बाहेरून कुलूप लावून कामाला जाणं, हे कितीही नाइलाज झाला तरी नाही. आग लागली, पडलं, तर बाहेर यायला वाट नाही.

पाचवं: बाहेर पडलेलं माणूस

हे आपल्या भागात जास्त अवघड आहे, कारण इथून निघालेली बस तासाभरात दुसऱ्या राज्यात असते. बेळगावच्या स्टँडवर वायव्य कर्नाटकच्या बसेसही लागतात आणि महाराष्ट्राची लाल एसटीही. त्यात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. योजना चांगलीच आहे, पण पूर्वी तिकिटाला पैसे नाहीत म्हणून कंडक्टर आज्जीला थांबवायचा. आता आधार कार्ड दाखवलं की शून्य तिकीट हातात, आणि ती हुबळीच्या वाटेला. तेव्हा तिच्या पिशवीतल्या आधार कार्डाच्या पाकिटातच तुमचा नंबर हवा. कंडक्टर ते उघडून बघणारच.

चिठ्ठी दोन लिपींत: वर कन्नड, खाली मराठी. सीमाभागात पाटी कुठल्या भाषेत असावी यावर १९५६ पासून भांडण आहे, ते पाट्यांपुरतं राहू द्या. हुक्केरीचा पोलीस कन्नड वाचेल, चंदगडचा दुकानदार मराठी वाचेल, आणि कोण भेटेल ते आपल्या हातात नाही. मजकूर एवढाच: “मला विसरायला होतं. कृपया या नंबरवर फोन करा,” आणि दोन मोबाईल नंबर. घराचा पूर्ण पत्ता, घरात कोण-कोण असतं, हे लिहू नका.

चिठ्ठी लावायची कुठं? गळ्यातलं कार्ड ती काढून टाकते, हातातलं रबरी कडं ओरबाडते. जी वस्तू ती स्वतःच सोडत नाही ती शोधा. माझी आत्ती नऊवारी नेसायची, घड्याळ बांधलं की पाच मिनिटांत उशीखाली. पण कमरेची चंची झोपेतसुद्धा सुटत नसे. पान-तंबाखू केव्हाच बंद झालेलं, तरी चंची हवी. मग तिच्या आतल्या कप्प्यात, सुपारीच्या जागी, माणूस कुठं आहे ते कळवणारं काड्यापेटीएवढं जीपीएस यंत्र बसवलं आणि चिठ्ठी आतून शिवली. ती मधूनमधून चाचपायची आणि काहीतरी आहे म्हणून खूश असायची. पुरुषांना बंडीचा आतला खिसा, टोपीची आतली पट्टी. कापडावर मार्करनं लिहिलेलं चार धुण्यांत जातं. दोऱ्यानं नंबर काढा, नाहीतर टेलरकडून पट्टी करून घ्या.

आता जीपीएस घेताना फसायला होतं ते इथं. हे यंत्र उपग्रहावरून जागा ओळखतं आणि आतल्या सिमवरून तुमच्या मोबाईलला कळवतं. स्वस्तातली बरीच यंत्रं २जी नेटवर्कवर चालतात, आणि जिओचं सिम २जीवर चालतच नाही. घरात सगळ्यांचं जिओ म्हणून त्यातही जिओ घातलं की यंत्र मुकं. घेण्याआधी विचारा: २जी की ४जी? मग तुमच्या गल्लीत कुणाची रेंज आहे ते बघून सिम. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज येते-जाते, तिथं यंत्रावर विसंबू नका. दगडी भिंतींच्या घरात, पत्र्याखाली जागा चुकीची दाखवते, म्हणून घराभोवतीची हद्द वीस मीटरची नको, दीड-दोनशे मीटरची ठेवा. नाहीतर माणूस खाटेवर झोपलेलं आणि तुमचा फोन रात्रभर बोंबलत असतो.

किल्लीला लावायचे ब्लूटूथ टॅग वेगळे. त्यांना स्वतःचं सिम नसतं, आजूबाजूनं जाणाऱ्या लोकांच्या मोबाईलवरून ते जागा कळवतात. शहापूरच्या गल्लीत, खडेबाजारात ठीक. उसाच्या फडात कोण मोबाईल घेऊन जाणार? मळ्यात राहणाऱ्यांनी घेऊ नये.

तरीही माणूस हरवलंच तर: आधी विहीर, ओढा, न्हाणी, जुनं माहेरचं किंवा जुन्या मळ्याचं घर. बहुतेक वेळा पाय सवयीच्या वाटेनं जातात. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी ११२ लावायचा. चोवीस तास थांबावं लागतं हे खरं नाही, लगेच तक्रार देता येते. हद्दीजवळच्या गावात तुमचा मोबाईल महाराष्ट्राच्या किंवा गोव्याच्या टॉवरवर असू शकतो, तेव्हा गावाचं नाव सांगताना तालुका आणि जिल्हाही सांगा. पलीकडच्या ठाण्यालाही कळवा. सौंदत्तीच्या यल्लम्मासारख्या जत्रेला नेणार असाल तर निघण्याआधी दारात पूर्ण उंचीचा फोटो काढा. पोलीस पहिलं विचारतात ते अंगावर काय होतं, आणि त्या क्षणी लुगड्याचा रंग कुणालाच आठवत नाही.

सहावं: गोळ्या, तारीख, फोन

आठवड्याचा, दिवसाला चार कप्प्यांचा प्लास्टिक डबा औषधाच्या दुकानात मिळतो. रविवारी एकानं भरायचा, दुसऱ्यानं बघायचा. गोळीच्या आठवणीसाठी मोबाईलचा अलार्म लावाल, तर कंपनीची टिंगटिंग नको. मोबाईलच्या रेकॉर्डरवर नातवाच्या आवाजात घ्या: “आज्जी, जेवण झालं न्हवं? आता निळ्या डब्यातली गोळी घे.” ती फाईल अलार्मचा आवाज म्हणून निवडता येते. आपल्या घरच्या बोलीत, ज्याचं ती ऐकते त्याच्या तोंडून. सुरुवातीच्या काळात हे छान चालतं. पुढं अलार्म ऐकून ती दोनदा गोळी घेते, किंवा गोळी हातात धरून बसते. तसं एकदा जरी दिसलं तर डबा कुलपात, आणि गोळी माणसानं हातात द्यायची.

वार-तारखेसाठी रोज पान फाडायची मोठ्या आकड्यांची दिनदर्शिका पुरते, अट एवढीच की पान सकाळी कुणीतरी आठवणीनं फाडायचं. जुना टॅब पडून असेल तर त्याची भाषा मराठी करून घड्याळ लावून ठेवा, वार मराठीत दिसतो. फोन बटणाचाच बरा, मोठ्या आकड्यांचा, एक-दोन-तीन दाबलं की थोरला, धाकटी, शेजारी. आवाजी मदतनीस मराठी समजतात म्हणतात, पण आपली बोली आणि बिनकवळीचा उच्चार त्यांना झेपत नाही असं माझं मत आहे.

दिवेलागणीच्या बेचैनीवर मात्र एक साधी गोष्ट: पेनड्राईव्हचा स्पीकर, ज्याला फिरवायचं बटण आहे असा. वारकरी घरातलं माणूस असेल तर रोज त्याच वेळी हरिपाठ. डोकं विसरलं तरी ओठ हलतात, टाळी लागते. सगळ्यांना लागू पडेल असं नाही, पण करून बघायला खर्च नाही.

सातवं: कॅमेरा आणि पैसे

कॅमेरा लावण्याआधी घरात बोला. न्हाणीत, कपडे बदलायच्या खोलीत अजिबात नको. आईला सांगायचं, “आई, मी पुण्याहून तुला बघतोय, चालेल न्हवं?” ती विसरेल, तरी सांगायचं. सांभाळणाऱ्या सुनेलाही विचारायचं, कारण कॅमेरा प्रत्यक्षात दिवसभर तिला बघत असतो. कंपनीचा आयता पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. कॅमेऱ्यातून बोलायची सोय असते ती वापरू नका. भिंतीतून मुलाचा आवाज आला आणि मुलगा दिसला नाही की भास होणारं माणूस आणखी घाबरतं. बोलायचं तर फोन करा.

पैशांचं उरकून घ्या. त्यांच्या मोबाईलवरचं यूपीआय बंद किंवा मर्यादा अगदी कमी, बँकेचे मेसेज मुलाच्या नंबरवर, अनोळखी फोन अडवलेले. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब. मृत्युपत्र, नॉमिनी, सातबाऱ्यासारखे कागद हे आजाराच्या सुरुवातीला, समजून सही करता येतेय तोवर, वकिलाला विचारून. नंतर ओढाताण भावंडांतच होते.

आठवं: सांभाळणाऱ्याची पाळी

भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रुप “गुड मॉर्निंग”साठी नको, पाळीसाठी हवा. कुणी किती पैसे द्यायचे, आणि त्याहून महत्त्वाचं, रात्री बेल वाजल्यावर कुणी उठायचं. आठवड्यातल्या दोन रात्री सुनेला सलग झोप मिळाली पाहिजे. लांब राहणारा मुलगा रात्री उठू शकत नाही, पण औषधं मागवणं, दवाखान्याची वेळ घेणं, जीपीएसचं रिचार्ज हे तो करू शकतो आणि त्यानं करावं. सांभाळणाऱ्याचाच जीव नकोसा झाला असेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आणि चोवीस तास आहे, सेवा २० भाषांत आहे, मराठीत बोलायचंय म्हणून सांगा.

शेवटी: काढून टाकायचं कधी

आजार पुढं सरकतो आणि वस्तू मागं पडते. दर तीन-चार महिन्यांनी वही काढा आणि विचारा की ही अजून कामाची आहे का. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दाराची बेल नको, पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी हवी. नको झालेली वस्तू गावात दुसऱ्या घरी द्या, वॉकर आणि कमोडची खुर्ची तर लगेच कुणालातरी लागते. जीपीएस देताना आतलं सिम काढून बंद करा, ॲपमधून आपलं घर आणि जुना मार्ग पुसा, कॅमेरा असेल तर मेमरी कार्ड काढून ठेवा आणि त्याच्या बुडाचं बारीक बटण पिनेनं दाबून तो कोरा करून द्या.